राजोडीची पुळण टेबलावर: युद्धखेळातील चाल आणि भूभाग यांविषयीचे गैरसमज

सैनिकांच्या लहान प्रतिकृती टेबलावर मांडून, मोजपट्टी आणि फासे यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात खेळाडूंमध्ये मतभेद होतात ते बहुधा चाल आणि भूभाग या दोन नियमांवरून. आणि त्या मतभेदांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे टेबलावरचा देखावा हे जमिनीचे हुबेहूब चित्र असून चालीचा इंच हे केवळ अंतराचे माप आहे. वसई तालुक्याचा राजोडी ते वसई किल्ला हा किनारपट्टा, जिथे 1737 ते 1739 या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध मोहीम चालवली, तो असा खेळ मांडण्यासाठी घेतला, तर ही समजूत पदोपदी अडचणीत आणते.

चालीचा इंच हा मुळात वेळेचा हिशेब आहे. प्रशियाचा लष्करी अधिकारी राइसविट्झ याने 1824 साली जो युद्धखेळ सिद्ध केला, त्यात नकाशाचे प्रमाण 1:8000 होते आणि प्रत्येक फेरी दोन मिनिटांची मानली जाई, त्यामुळे तुकडीची चाल म्हणजे त्या दोन मिनिटांत ती प्रत्यक्षात जितके कापू शकेल तितके अंतर, हा संबंध कोणालाही दिसत असे. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांत पायदळाला एक फूट आणि घोडदळाला दोन फूट चाल दिली, तेव्हा हिशेब सोपा झाला, पण त्यामागचे वेळेचे गणित मात्र नजरेआड गेले. दलदलीत चाल निम्मी होते याचा अर्थ दलदल दुप्पट रुंद आहे असा नसून ती ओलांडायला दुप्पट वेळ लागतो असा आहे, आणि हे ध्यानात ठेवले की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

‘अवघड भूभागात चाल निम्मी’ हे वाक्य सर्व नियमपुस्तकांत एकाच अर्थाने येते, हा दुसरा आणि अधिक नुकसान करणारा गैरसमज होय. समजा, सहा इंच चाल असलेली पायदळाची तुकडी तीन इंच मोकळ्या जमिनीवरून जाऊन खाजणात, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या चिखलट खारजमिनीत, उतरू पाहते. काही नियमांत दंड फक्त अवघड जागेतल्या अंतरापुरता असतो, म्हणून उरलेल्या तीन इंचांत ती खाजणात दीड इंच आत शिरते आणि एकूण साडेचार इंच सरकते. तर काही नियमांत खाजणात पाऊल टाकायचे ठरताच त्या फेरीची संपूर्ण चाल निम्मी होते, त्यामुळे तीच तुकडी तीन इंचांवर, काठाशीच अडते. दोन्ही वाचने आपापल्या पुस्तकात बरोबर आहेत. चूक होते ती एका खेळाची सवय दुसऱ्या खेळात नेल्याने.

मोजण्याच्या पद्धतीविषयीचे गैरसमज थोडक्यात सांगता येतात. अंतर सामान्यतः प्रतिकृतीच्या तळपट्टीपासून, म्हणजे बेसपासून, मोजतात, पुढे आलेल्या भाल्याच्या टोकापासून नाही. अडथळ्याला वळसा घातला तर वळशाची लांबी धरतात, सरळ रेषेतले अंतर नाही. आणि ओळीत उभी असलेली पलटण एका कोपऱ्यावर फिरते तेव्हा बाहेरच्या कोपऱ्याने कापलेले अंतर मोजतात, कारण सर्वांत लांब चालावे लागते ते त्या टोकाच्या सैनिकांना.

सपाट आणि उघडी जमीन ती सोपी जमीन, ही समजूत राजोडीच्या किनाऱ्यावर टिकत नाही. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू आणि भरतीरेषेवरची कोरडी, भुसभुशीत पुळण दिसायला एकाच रंगाची असली तरी तोफेच्या चाकांना त्या दोन वेगळ्या जमिनी आहेत, म्हणून टेबलावर त्या वेगळ्या रेषेने दाखवणे आवश्यक ठरते. याहून नाजूक प्रश्न भरतीचा आहे. उधाणाच्या दिवशी पाणी बरेच आत चढते, म्हणून काही मांडण्यांत दर फेरीला समुद्र एक-दोन इंच पुढे सरकवण्याचा मोह होतो. परंतु भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते, आणि एक फेरी काही मिनिटांची असेल तर संपूर्ण खेळात पाण्याची रेषा जवळजवळ हलणार नाही. उलट एक फेरी एका दिवसाची धरणाऱ्या मोहीम-खेळात भरती दोनदा येऊन जाते, त्यामुळे तिथे खाजण कधी ओलांडता येते एवढाच नियम पुरतो. अर्नाळ्यासारखे पाण्याने वेढलेले ठाणे, जे 1737 मध्ये मराठ्यांनी घेतले, मांडताना हा भेद निर्णायक ठरतो, कारण तिथे भरतीची वेळ म्हणजे नावांच्या हालचालीची वेळ.

टेबलावर झाड दिसले की तिथे रान आहे, हाही गैरसमजच. बहुतेक नियमांत रानाची सीमा खाली अंथरलेला कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ठरवतो आणि त्यावरची झाडे ही केवळ खूण असते, जी सैनिक उभे करण्यासाठी बाजूला घेतली तरी रान कायम राहते. वसईच्या वाड्यांना तर रानाचा नियम बसतच नाही, कारण त्यांत बांध, कुंपणे आणि बावखळे, म्हणजे बागायतीसाठी राखलेली गोड्या पाण्याची तळी, यांमुळे नजर जितकी अडते त्याहून जास्त सैन्याची ओळ मोडते. अशा जागेला दृष्टीचा सौम्य आणि रचनेचा कडक दंड देणे अधिक न्याय्य होईल. सुरूच्या बनांविषयी तर विशेष सावधगिरी हवी: आज किनाऱ्याची ओळख बनलेल्या या झाडाची लागवड भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात रुजली, म्हणून चिमाजी अप्पांच्या फौजेला सुरूच्या आडोशाचा लाभ देणारी मांडणी इतिहासाशी विसंगत आहे.

भूभाग केवळ आयता मिळतो, ही शेवटची समजूत वसईच्या वेढ्यानेच खोडली आहे. पाणी आणि दलदल यांनी वेढलेल्या या किल्ल्याला खरी वाट उत्तरेच्या जमिनीकडून होती, आणि तिथे मराठ्यांनी मोर्चे खणून, सुरुंग लावून स्वतःच जमीन घडवली; सेंट सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंगाने खिंडार पडल्यानंतर मे 1739 मध्ये किल्ल्यातील पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. ज्या खेळात खंदक खणण्याला फेऱ्यांची किंमत नाही, त्यात हा वेढा मांडता येत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी दोन्ही खेळाडूंनी टेबलावरच्या प्रत्येक जागेसाठी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: तिथे कोणाला जाता येते, किती चाल खर्च होते आणि तिच्यातून पलीकडचे दिसते की नाही. नियम मौन असेल तिथे फासा टाकून खेळ पुढे न्यावा आणि तो प्रश्न खेळ संपल्यावर पुस्तक उघडून सोडवावा.