कुंभारकामाचा घाऊक व्यवसाय : आव्यापासून वसुलीपर्यंत

दमणगंगेच्या काठी वसलेले सिल्वासा हे दादरा व नगर हवेलीचे मुख्य ठिकाण होय. १९५४ साली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झालेला आणि १९६१ साली भारतीय संघराज्यात विलीन झालेला हा प्रदेश २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशात समाविष्ट आहे. २००१ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. कारखान्यांच्या निमित्ताने वस्ती वाढली, की पाण्याचे माठ, पणत्या व रोपांच्या कुंड्या यांची मागणीही वाढू लागते. वापीचे रेल्वे स्थानक व राष्ट्रीय महामार्ग जवळ असल्यामुळे येथून बाहेरगावी माल पाठविणेही सोयीचे आहे. अशा बाजारपेठेत आठवडे बाजारी चार मडकी विकणारा कारागीर शेकड्याने माल देऊ लागला, तर त्यात नवल नाही. मात्र विक्री वाढली म्हणजे प्राप्ती वाढलीच, असे समजणे धोक्याचे ठरते. घाऊक व्यवसायात अनेकदा माल संपतो, पण पैसा हाती येत नाही.

फुटक्या मालाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा, एका आव्यात १,००० माठ रचले. माती, सरपण, मजुरी व वाहतूक मिळून ४०,००० रुपये खर्च झाला. दर माठास ४० रुपये पडले आणि घाऊक भाव ५० रुपये ठरला. वरवर पाहता १०,००० रुपये नफा दिसतो. परंतु आव्यात १०० माठ तडकले व वाटेत ५० फुटले, तर विकण्याजोगे ८५० च उरतात. त्यांचे ४२,५०० रुपये येतात व नफा केवळ २,५०० रुपये राहतो. त्यातही व्यापाऱ्याने तीन महिने उधारी ठेवली आणि कारागिराने भांडवल दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने आणले असेल, तर व्याजापोटी २,४०० रुपये जातात. हाती उरतात शंभर रुपये.

याच रीतीने दुप्पट माल केला, तर श्रम दुप्पट होतील आणि हाती दोनशे रुपये येतील. उलट तेवढ्याच मालातील तूटफूट निम्म्यावर आणली, तर ९२५ माठ विकले जाऊन व्याज वजा जाता ३,८५० रुपये उरतील. म्हणून वाढत्या व्यवसायात नवी मागणी स्वीकारण्यापूर्वी तूटफूट व उधारी या दोन गळत्या बुजविणे अगत्याचे आहे.

तूटफूट कशी कमी करावी

तडे जाण्याची कारणे बहुधा आवा पेटण्यापूर्वीच निर्माण झालेली असतात. माती नीट चाळलेली व तुडविलेली नसणे, भांड्याची जाडी असमान असणे, एका बाजूने ऊन अथवा वारा लागणे आणि ओलसर भांडे आव्यात रचणे ही त्यांपैकी प्रमुख होत. वाळताना व भाजताना माती आकसते. म्हणून प्रत्येक मापाच्या माठासाठी मातीचा गोळा वजन करून घ्यावा. घाऊक ग्राहकास सर्व नग सारख्या मापाचे लागतात. वाहतुकीत भाताचा पेंढा भरपूर वापरावा. फुटलेल्या नगांचा तोटा कोणी सोसावयाचा, हे सौदा करतानाच लिहून घ्यावे.

हंगाम आणि जागा

या मालाला पंचांगाची शिस्त आहे. संक्रांतीस सुगडे, अक्षय्य तृतीयेस करा व केळी, उन्हाळ्यात माठ, नवरात्रात घट आणि दिवाळीस पणत्या लागतात. पावसाळ्यात कच्चा माल वाळत नाही. आणि नवरात्र तर पावसाळा सरता सरताच येते. यास्तव घट व पणत्यांचा बराचसा भाग मृगापूर्वीच भाजून कोरड्या जागी ठेवावा लागतो. म्हणजेच चार-पाच महिने भांडवल अडकून पडते. मोठ्या मागणीबरोबर विसार घेण्याची प्रथा येथे उपयोगी पडते.

जागेचा प्रश्न किती निकडीचा असतो, हे मुंबईतील धारावीच्या कुंभारवाड्यावरून दिसते. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभार कुटुंबांची ही वसाहत घाऊक मालासाठी प्रसिद्ध आहे. तेथे घर व कार्यशाळा एकत्र असून घरांच्या रांगांमधील मोकळ्या जागेत भट्ट्या आहेत. कामाची वाटणी कुटुंबातच होते. परंतु दाट वस्तीमुळे वाळवणासाठी व साठ्यासाठी जागा अपुरी पडते आणि भट्टीच्या धुराचा त्रासही होतो. सिल्वासा परिसरातील कारागिराने मागणी वाढण्याआधीच छप्पर व वस्तीपासून दूर भट्टीची जागा योजून ठेवणे शहाणपणाचे होय.

तीन वह्या

पहिली वही आव्याची : किती नग रचले, किती चांगले निघाले, खर्च किती झाला. माती मळणाऱ्या व भांडी रंगविणाऱ्या घरच्या स्त्रियांची मजुरीही या खर्चात धरावी; ती न धरल्यास भाव तोट्यात ठरतो आणि तो तोटा त्यांच्याच श्रमांतून भरून निघतो. दुसरी वही साठ्याची. तिसरी उधारीची : माल कोणास, कोणत्या तारखेस दिला व वसुलीची मुदत कोणती. ज्याची मागील बाकी थकली आहे, त्यास नवा माल रोखीनेच द्यावा.

कायद्याचा आधार

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म अथवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, व कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. यासाठी उद्यम नोंदणी विनामूल्य करता येते. मात्र दिलेल्या मालाची पावती जवळ हवी. मातीची भांडी व पणत्यांवर वस्तू व सेवा कर नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभारकामाचा समावेश असून पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने मिळू शकते. वरील उदाहरणातील दरमहा दोन टक्के व्याज वर्षाला चोवीस टक्के होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

कारागिराचा हात चाकावर बसलेला असतो. वहीवर तो बसण्यास मात्र साहाय्य लागते. गावातील शिक्षकांनी कुंभाराच्या मुलांकडून शाळेच्या गणितातच आव्याचा हिशेब करवून घेतला आणि ग्रामपातळीवरील कर्मचाऱ्यांनी नोंदणीचा अर्ज भरून दिला, तर हे साहाय्य घरबसल्या मिळेल. मग पुढची मोठी मागणी येईल तेव्हा ती स्वीकारावी की नाही, हे कुंभार स्वतःच्या वहीत पाहून ठरवू शकेल.