पोट वाचलं, मूत्रपिंडाचं काय?

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं गाळप सुरू होतं, फडात कोयते उतरतात आणि अंगदुखीच्या गोळ्यांना गिऱ्हाईक वाढतं. बीडकडून आलेलं जोडपं पहाटेपासून ऊस तोडतं, तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवतं. रात्री खोपीत पाठ टेकवत नाही. मग दुकानात ‘ती कालचीच पांढरी’ मागितली जाते. पाकिटातून कात्रीने चार गोळ्या कापून मिळतात; औषधाचं नाव आणि मुदत बहुधा उरलेल्या तुकड्यावरच राहते.

अशा दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांच्या घराण्यातल्या ॲस्पिरिनची 1897 सालची जन्मकथा सर्वांना पाठ आहे. महत्त्वाचं घडलं ते 1971 साली. ॲस्पिरिन शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थोपवतं, हे जॉन व्हेन यांनी दाखवलं आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक याच वाटेने जातात.

पण प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखणं वाढवत नाही. ते जठराचं अस्तर राखतं, आणि अंगातलं पाणी घटलं की मूत्रपिंडात रक्त नेणारी बारीक धमनी उघडी ठेवतं. फडातल्या माणसाचा घाम सकाळपासून गळत असतो. आडोसा नाही म्हणून बायका तर पाणी पिणंच टाळतात. नेमक्या त्या वेळी गोळी पोटात गेली की धमनी आवळते आणि रक्त गाळण्याचं काम मंदावतं. एखाद्या वेळी ते सावरतं. हंगामभर रोज हेच चाललं तर धोका वाढत जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारं औषध सोबत असेल तर आणखीच. निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसतोड्यांत मधुमेह नसताना मूत्रपिंडं निकामी होतात. तिथे मुख्य संशय उष्णता आणि पाणी तुटण्यावर आहे, पण संशयितांच्या यादीत या गोळ्याही आहेत.

‘सोबत ॲसिडिटीची गोळी दिली की काम झालं’ म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखकाचं जुनं भांडण आहे. पँटोप्राझोल जठरातलं आम्ल कमी करतं. मूत्रपिंडाला त्याचा काडीचाही आधार नाही. या गोळ्या मूत्रपिंडाला काय करू शकतात, हे आपण पाहिलेलं आहे: आपल्याकडे 2006 साली गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं, कारण औषध टोचलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. म्हणजे पुरावा आभाळातून खाली पडत होता!

पॅरासिटामॉलला ‘तापाची गोळी’ म्हणून हिणवणारेही आहेत. सूज ते फारसं उतरवत नाही, हे खरं. पण अंग ठणकत असताना आणि पाणी तुटलेलं असताना पहिली निवड तीच असावी. प्रौढाला दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही; किरकोळ अंगाच्या किंवा दारू पिणाऱ्या माणसाला त्याहून कमी, कारण जादा मात्रेतून तयार होणारं विषारी द्रव्य यकृत जाळतं. डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकबरोबरच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल आधीच 325 मिलिग्रॅम असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

पूर्वी कंपाउंडर मिश्रणाच्या बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवून मात्रा दाखवत. आता गोळीचा फोटो मोबाइलवर येतो आणि पिशवी बांधली जाते. अशा वेळी निदान ऊसतोड टोळ्या गावी परतण्याआधी ज्यांची लघवी कमी झाली आहे, पाय सुजले आहेत, त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं, आणि फडात सावली व पिण्याचं पाणी कारखान्यांनी पुरवावं.