ध्वनीचे मोल आणि कानाची कसोटी

दिवाणखान्यासाठी ध्वनिसंच घ्यावयाचा म्हटले की काही हजारांपासून काही लाखांपर्यंतच्या किमती समोर येतात. डिजिटल ध्वनीचे अ‍ॅनालॉग विद्युत संकेतात रूपांतर करणारे ‘डॅक’ हे छोटेसे उपकरणही याला अपवाद नाही. किमतीच्या प्रमाणात आवाजही सुधारतो काय, हा प्रश्न मग व्यापारी मनाला पडल्यावाचून राहत नाही.

डिजिटल ध्वनी म्हणजे आकड्यांची मालिका होय. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरींचे मोजमाप नोंदलेले असते. नायक्विस्ट व शॅनन यांच्या सिद्धान्तानुसार, या संख्येच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतची कंपने त्यातून पुन्हा उभी करता येतात. मानवी कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ आहे आणि ती वयाबरोबर खाली येत जाते. महागडा संच परवडू लागेपर्यंत कान बहुधा उतरणीला लागलेले असतात.

याहून उच्च दर्जाची ध्वनिमुद्रणे ओळखता येतात का, याची परीक्षा अमेरिकेतील मेयर व मोरन यांनी घेतली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षेत ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही साधारण तेवढीच आली असती. पुढे २०१६ मध्ये लंडनचे संशोधक जोशुआ राइस यांनी १८ अभ्यासांचा एकत्रित विचार केला, तेव्हा हे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षित श्रोत्यांचे यश त्याहून अधिक होते. फरक अगदीच नाही असे नाही. पण तो फार सूक्ष्म आहे.

डिजिटल केबलचेही तसेच. रोजमेळातील रक्कम चांदीच्या लेखणीने लिहिली म्हणून वाढत नाही. केबलमधून जाणारे आकडे चुकले तर आवाज तुटतो वा खरखरतो. आकडे बरोबर पोहोचले तर महागड्या केबलने सूर अधिक मधुर होत नाहीत.

पैसा खरोखर जेथे ऐकू येतो ती जागा वेगळी आहे. स्पीकर व हेडफोन यांच्या रचनेत मोठे भेद असतात आणि ते साध्या कानालाही जाणवतात. खोलीचे महत्त्वही तेवढेच. उघडी फरशी, काच आणि रिकाम्या भिंती आवाज परतवून घुमवतात. जाड पडदे, गालिचा आणि पुस्तकांनी भरलेले कपाट तो आवरतात.

सराफ सोने कसोटीवर घासून पाहतो. विकणाऱ्याच्या शब्दावर घेत नाही. येथेही तोच मार्ग धरावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो, म्हणून प्रथम दोन्ही संचांचा आवाज मोजून समान करावा. मग ते पडद्याआड ठेवावेत, दर वेळी कोणता वाजवायचा ते नाणे उडवून ठरवावे आणि श्रोत्याने सोळा वेळा ओळखावे. बारा वा अधिक उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते. तेवढी आली तर फरक खरा मानण्यास आधार आहे, आणि त्याला किती मोल द्यावे हे कुटुंबाने ठरवावे. न आली तर उरलेली रक्कम उत्तम स्पीकरसाठी राखून ठेवावी.