सोयाबीनच्या तेलातून स्टेरॉइड? जिवाणूंकडून औषध कसं बनवून घेतात, समजून घ्या सोप्या भाषेत

घरातला औषधांचा डबा एकदा उघडून बघा. दम्याचा पंप, खाजेची ट्यूब, डोळ्यांत टाकायचे थेंब... एखाद्या तरी लेबलवर बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा ब्युडेसोनाइड असं नाव सापडण्याची बरीच शक्यता आहे. ही सगळी स्टेरॉइड. आणि अशा औषधांचा कच्चा माल आज मोठ्या प्रमाणावर जनुकं बदललेल्या जिवाणूंकडून तयार करून घेतात.

मी छत्रपती संभाजीनगरचा. आमच्या मराठवाड्यात खरिपात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन, आणि या जिवाणूंचं खाणं नेमकं सोयाबीनच्या तेलातूनच येतं. म्हणून हा विषय मला जास्तच जवळचा वाटला. चला तर मग, बघूया.

स्टेरॉइड म्हणजे नक्की काय?

स्टेरॉइड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या कार्बनच्या चार कड्यांचा सांगाडा. कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन आणि आपल्या शरीरातलं कॉर्टिसॉल, सगळ्यांचा सांगाडा हाच. त्याला कुठे काय जोडलंय, यावर त्याचं काम ठरतं. म्हणूनच डॉक्टरांनी सूज उतरवायला दिलेलं स्टेरॉइड वेगळं आणि जिममध्ये काही जण दंड फुगवायला घेतात ते वेगळं. घराणं एक, गुण निराळे.

बैलाच्या पित्तापासून सोयाबीनपर्यंत

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिलं. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये या संशोधनाला नोबेल मिळालं. पण औषध बनवायचं कसं? तेव्हा ते गुराढोरांच्या पित्तापासून, तिसाहून जास्त रासायनिक पायऱ्या करत बनायचं. सुरुवातीला एका ग्रॅमचा भाव होता सुमारे २०० डॉलर!

१९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी एका बुरशीला कामाला लावलं. रसायनशास्त्रज्ञांना जी जोडणी करताना घाम फुटायचा, ती या बुरशीने एका दमात केली. भाव धडाधड उतरले.

सोयाबीनची गोष्ट त्याच्याही आधीची. पर्सी ज्युलियन हे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ शिकागोच्या ग्लिडन कंपनीत होते. तिथे सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा साका बसला. माल वाया गेला म्हणून कुणीही फेकून दिला असता. ज्युलियन यांनी ओळखलं की हे स्टेरॉल आहे, म्हणजे यातून स्टेरॉइड हार्मोन बनवता येतील.

आजही गोष्ट तीच आहे. तेल शुद्ध करताना शेवटी त्याचा वास घालवायला त्यातून वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर जे निघून येतं, त्यात हे वनस्पती स्टेरॉल असतात.

जिवाणू नेमकं काय करतो?

या स्टेरॉलमध्ये चार कड्यांचा सांगाडा तयार असतो, फक्त त्याला एक लांब शेपटी असते. शेपटी तोडायची आणि सांगाडा मात्र शाबूत ठेवायचा, एवढंच काम. रासायनिक पद्धतीने ते फार किचकट. पण मातीत राहणारे मायकोबॅक्टेरियम गटातले काही जिवाणू स्टेरॉल खाऊनच जगतात. टीबीचा जिवाणू त्यांचा चुलतभाऊ. तोही आपल्या शरीरातलं कोलेस्टेरॉल खाऊन तग धरतो. कारखान्यात मात्र टीबी न करणाऱ्या जाती वापरतात.

अडचण एकच. हे पठ्ठे शेपटी खाऊन थांबत नाहीत, सांगाडाही फस्त करतात. मग काय करायचं? खळ्यावर मळणी करताना बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, म्हणजे तो काम करतो पण धान्यात तोंड घालत नाही. इथे मुसकं बांधायचं ते जनुकाला.

सांगाडा फोडायला जिवाणूला दोन एन्झाइम लागतात. त्यांपैकी कुठल्या एन्झाइमचं जनुक काढलं, यावर हाती काय उरणार हे ठरतं. एक काढलं तर एक पदार्थ, दुसरं काढलं तर दुसरा, दोन्ही काढली तर तिसरा. यातल्या एकापासून पुढे डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोनकडे जाता येतं, तर दुसऱ्या वाटेने टेस्टोस्टेरॉनसारखे हार्मोन बनतात.

ऐकायला सोपं, पण प्रत्यक्षात काम संथ चालतं. स्टेरॉल पाण्यात विरघळत नाहीत. प्रयोगशाळेतला ई. कोलाय जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, याला मात्र काही तास लागतात. म्हणून फर्मेंटरमध्ये, म्हणजे स्टीलच्या मोठ्या टाकीत, हे काम कित्येक दिवस चालतं. त्यानंतरही रासायनिक पायऱ्या उरतातच.

वाळूजचं इन्सुलिन आणि हे स्टेरॉइड

जनुक बदललेले सूक्ष्मजीव आमच्या शहराला नवे नाहीत. वोक्हार्टने २००३ मध्ये वोसुलिन हे मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, आणि या कंपनीचं बायोटेक पार्क वाळूज एमआयडीसीत आहे. पण फरक लक्षात घ्या. इन्सुलिन हे प्रोटीन आहे, त्यामुळे सूक्ष्मजीवात माणसाच्या इन्सुलिनची कृती नव्याने घालावी लागते. स्टेरॉइडच्या बाबतीत उलटं. जिवाणूला सगळं आधीच येतं, आपण त्याला कुठे थांबायचं ते शिकवतो. मोबाईलच्या भाषेत सांगायचं तर एकीकडे नवीन ॲप टाकायचं, दुसरीकडे नको असलेलं काढायचं.

हे आपल्याला का माहीत असावं?

जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात. स्वस्तातलं, जुनं औषध, पण लाखमोलाचं ठरलं. मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. २०२१ च्या लाटेत स्टेरॉइडचा बेसुमार वापर आणि वाढलेली साखर यांमुळे म्युकरमायकोसिसने किती घरं होरपळली, ते आपण पाहिलंय.

कच्च्या मालासाठी चीनवर अवलंबून राहणं कमी व्हावं म्हणून केंद्र सरकारने २०२० मध्ये ६,९४० कोटी रुपयांची पीएलआय योजना आणली. तिच्या यादीत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन आणि प्रेडनिसोलोन आहेत. मला वाटतं, सोयाबीन पिकवणाऱ्या आणि फर्मेंटर चालवता येणाऱ्या आपल्या भागाने हे मनावर घ्यायला हवं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या ओळखीतली कितीतरी पोरं गोरं दिसायला किंवा गजकर्णावर मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणतात. त्यात स्टेरॉइड असेल तर चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाली येते, गजकर्ण आणखी पसरतं. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी सवय काही सुटत नाही.

म्हणून आजच ट्यूबवरच्या बारीक अक्षरांचा फोटो काढा आणि झूम करून वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा दम्याचा पंप हा लेख वाचून अचानक बंद करू नका. गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं, त्यामुळे त्या हळूहळूच कमी कराव्या लागतात. कुठे थांबायचं ते जिवाणूला शास्त्रज्ञ शिकवतात, आपल्याला ते डॉक्टरांना विचारावं लागतं.