बिनपगारी खलाशी

पगाराशिवाय बोटीवर चढणारा माणूस माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी पाहिला नव्हता. इंजिनरूमच्या त्या उकाड्यात माणूस उतरतो तो घरावरचं कर्ज फेडायला, बहिणीचं लग्न उरकायला, गावी स्लॅबचं घर बांधायला. त्यामुळे ‘डोलॉस’ नावाच्या एका म्हाताऱ्या बोटीवर कप्तानापासून बटाटे सोलणाऱ्या पोरापर्यंत कुणालाच पगार नाही, उलट आपल्या खाण्याराहण्याचा खर्च जो तो घरून घेऊन येतो, असं एका सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा मी त्याची यथेच्छ चेष्टा केली. मग एका परदेशी बंदरात आमच्या बोटीपासून दोन धक्के सोडून ती उभी दिसली. सुट्टी मिळाल्याबरोबर मी तिकडे गेलो, आणि तिथून जे वेड लागलं ते निवृत्तीनंतरही उतरलेलं नाही.

आधी बोटीबद्दल, कारण माझा जीव तिच्यात. 1914 साली, म्हणजे टायटॅनिक बुडाल्यानंतर दोनच वर्षांनी, ती अमेरिकेत व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत बांधली गेली. तेव्हा तिचं नाव ‘मेदिना’. न्यूयॉर्क आणि टेक्सास यांच्यामध्ये फळं, कांदे असला माल वाहायचा, हे तिचं काम. दोन महायुद्धं तिने पचवली. 1948 मध्ये ती ‘रोमा’ झाली, कारण 1950 च्या पवित्र वर्षासाठी रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची ने-आण करायची होती. मग इटलीच्या कोस्टा कंपनीने तिला घेतलं, वाफेचं इंजिन काढून डिझेल बसवलं, नाव ठेवलं ‘फ्रांका सी’, आणि कांदे वाहणारी ही बाई पन्नाशीच्या आसपास चैनीच्या सहलींची बोट झाली. 1978 मध्ये ‘सर्वांसाठी चांगली पुस्तके’ अशा अर्थाचं नाव असलेल्या एका जर्मन संस्थेने ती विकत घेतली. डोलॉस हे नाव तेव्हाचं. पुढची 32 वर्षं ती पुस्तकांचं दुकान आणि ख्रिस्ती प्रचारक तरुण घेऊन शंभरावर देशांच्या बंदरांत फिरली. चालू असलेली जगातली सर्वांत जुनी सागरी प्रवासी बोट म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली.

तिच्या कवचाचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेले होते. वेल्डिंगच्या जमान्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला ते पाहणं म्हणजे देवदर्शनच. पण रिव्हेटच्या बोटीला गंज कुठे आणि किती धरतो, हे ज्याने चिपिंगचा हातोडा चालवला आहे त्यालाच ठाऊक. एका टोकापासून गंज खरवडत, लाल प्रायमर लावत दुसऱ्या टोकाला पोचावं, तोवर पहिलं टोक पुन्हा फुललेलं असतं. हे काम तिथे करत होती विशीतली पोरं. कोणी स्वीडनचं, कोणी कोरियाचं, कोणी ब्राझीलचं. यातल्या बहुतेकांनी त्याआधी समुद्र पाहिला होता तो सुट्टीत.

इंजिनरूममध्ये मला एक जर्मन मुलगी भेटली. शाळा संपवून थेट इकडे आलेली, कोपरापर्यंत काळी, हातात चिंध्यांचा बोळा. येताना वाटलं होतं, देशोदेशीच्या लोकांना येशूविषयी सांगत फिरेन, ती म्हणाली. “आणि आता?” मी विचारलं. “आता बिल्ज, बोटीच्या तळाशी साचणारी घाण, साफ करते. आणि मी कुणाला काही सांगण्याआधी सेकंड इंजिनिअरच मला सांगतो.” यावर ती आणि तो सेकंड इंजिनिअर दोघंही मनापासून हसले. तो इंजिनिअर व्यापारी बोटीवरची नोकरी सोडून आला होता. त्यालाही पगार नव्हता.

कामाची निवड कोणाच्या हातात नसते, ही या बोटींची मुख्य गंमत. डेक, इंजिन, गॅली म्हणजे स्वयंपाकघर, धुलाई, साफसफाई, पुस्तकांचं दालन, जिथे माणूस कमी तिथे तुम्ही. आग विझवणं, प्रथमोपचार, बोट सोडून पाण्यात उतरायची वेळ आली तर काय करायचं, याचं प्रशिक्षण आधी घ्यावंच लागतं. समुद्र कोणाची श्रद्धा विचारत नाही. बहुतेक जण दोन वर्षांच्या बोलीवर येतात, काही दोन-तीन महिन्यांसाठी. चार-चार जण एका केबिनमध्ये. पहिल्या वर्षी प्रेमात पडायची परवानगी नाही! हा नियम ऐकून मी पुन्हा हसलो होतो. पण साडेतीनशे तरुण-तरुणी एका लोखंडी डब्यात कोंडल्यावर व्यवस्थापनाने दुसरं काय करावं, हे मलाही सुचत नाही.

आता या मिशनरी परंपरेचा थोडा इतिहास, संपादकांच्या आग्रहाखातर. 1806 मध्ये अमेरिकेच्या विल्यम्स कॉलेजातले काही विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत बसले आणि त्यातून परदेशी मिशनची चळवळ निघाली. त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला, अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. 1831 मध्ये मिशन नगरला पोचलं. नगरला शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार बाईंचं नाव सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या संदर्भात आपल्याकडे येतंच. ही माणसं मात्र यायची ती जन्मासाठी. हॉल पटकीने नाशिकजवळच वारला. काही महिने जाऊन परत येण्याची पद्धत विसाव्या शतकातली, विमानं आणि स्वस्त प्रवास आल्यानंतरची. 1960 मध्ये लॉरेन कनिंगहॅमने ‘यूथ विथ अ मिशन’ काढलं. तीन महिने शिक्षण आणि मग दोन-तीन महिने परदेशात काम, हा साचा त्या संस्थेचा. झाला इतिहास.

डोलॉस घेणाऱ्या त्या जर्मन संस्थेच्या मागची मूळ संस्था ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’. तिचा जनक जॉर्ज व्हर्वर हा न्यूजर्सीचा पोरगा. शेजारच्या एका बाईंनी त्याला योहानाच्या शुभवर्तमानाची प्रत पाठवली. पुढे 1955 मध्ये न्यूयॉर्कला बिली ग्रॅहॅमच्या सभेत त्याचं मन पालटलं. 1957 मध्ये तो दोन मित्रांबरोबर जुन्या ट्रकमध्ये स्पॅनिश पुस्तकं भरून मेक्सिकोला गेला. म्हातारपणीही जगाचा नकाशा छापलेलं जाकीट घालून आणि भलामोठा पृथ्वीगोल घेऊन तो व्याख्यानं द्यायचा. 1960 च्या दशकात त्याची पोरं युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा मजल दरमजल रस्ता तुडवत ट्रकने भारतात यायची. एवढी माणसं आणि पुस्तकं खुष्कीने किती दिवस न्यायची, त्यापेक्षा बोटच का घेऊ नये, असं त्याच्या डोक्यात आलं. लोकांनी वेड्यात काढलं. 1970 मध्ये डेन्मार्क-ग्रीनलंड फेऱ्या करणारी ‘उमानाक’ विकत घेतली गेली. तिचं ‘लोगोस’ झालं, आणि पहिल्याच मोठ्या सफरीत 1971 मध्ये, सुएझ कालवा बंद असल्याने आफ्रिकेला वळसा घालून, ती कोचीनला पोचली. व्हर्वर आणि कनिंगहॅम हे दोघंही गेले 2023 मध्ये, सहा महिन्यांच्या अंतराने.

माझ्या मते मिशनरी इतिहासातली सगळ्यांत हुशार युक्ती ही बोट आहे. पाद्री गावात येतो तेव्हा गाव सावध होतं. इथे गाव नाममात्र तिकीट काढून रांगेत उभं राहून स्वतःच बोटीवर चढतं. सध्याच्या ‘लोगोस होप’वर पाचेक हजार पुस्तकं मांडलेली असतात. स्वयंपाक, विज्ञान, बालवाङ्मय, शब्दकोश, आणि अर्थातच बायबल आणि ख्रिस्ती पुस्तकं. किमती कुठल्याच चलनात नाहीत, ‘युनिट’मध्ये. त्या बंदरात शंभर युनिटचे किती पैसे, याचा तक्ता भिंतीवर लावला की झालं. देश बदलला तरी पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या बदलायला नकोत. सहकारी भांडाराच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या माझ्या मेव्हण्याला हे सांगितलं तेव्हा त्याने धर्मप्रचाराविषयी एक शब्द विचारला नाही, युनिटविषयी तासभर विचारलं.

या बोटीवर काम केलेला एक नगरचा मुलगा मला अलीकडे पुण्यात भेटला. त्याच्या घराण्याचं चर्च त्या जुन्या अमेरिकन मिशनमधलं. ज्या नगरला लोक बाहेरून येत, तिथला पोरगा बाहेर जातो, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्याला फारसं वाटत नव्हतं. “काका, मला पहिले काही महिने गॅलीत टाकलं,” तो म्हणाला. “घरी आजीला फोन केला तर ती म्हणते, पाद्री व्हायला गेलास की भांडी घासायला?” साडेतीनशे माणसांचा स्वयंपाक, साठेक देशांच्या तक्रारी. कोरियाच्या पोरांना भात चिकट हवा, आपल्याला मोकळा हवा, आणि युरोपातल्यांना रोज भात का, हेच कळत नाही. त्याचा विश्वास तिथे वाढला का, असं मी विचारलं. जरा थांबून म्हणाला, वाढला, पण आधी निम्मा झाला होता.

पुढे त्याला ‘लाइनअप’ला पाठवलं, आणि इथे मी खुर्चीत पुढे सरसावून बसलो. बोट यायच्या कितीतरी आठवडे आधी दोन-चार जणांची तुकडी बंदराच्या गावी जाऊन राहते. धक्क्यावर जागा मिळवायची, भाडं माफ करून घ्यायचं किंवा निदान कमी, कस्टम, व्हिसा, पाणी, पोलीस, शाळांना निमंत्रणं. आमच्या व्यवसायात हे काम मुरलेला शिपिंग एजंट करतो आणि त्याचे पैसे वाजवून घेतो. इथे बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून हार्बर मास्तरपुढे बसतो, नकार ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसतो. माणूस घडवायचं याहून चांगलं केंद्र मला माहीत नाही. धर्म बाजूला ठेवूनही हे विधान मी करीन.

हे सगळं सहलीसारखं वाटत असेल तर दोन घटना सांगतो. 4 जानेवारी 1988 च्या रात्री ‘लोगोस’ दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, बीगल सामुद्रधुनीत, खडकावर चढली. वाट दाखवणारा पायलट नुकताच बोटीवरून उतरला होता. बोटीवर सुमारे 140 माणसं, त्यांत तान्ही मुलंही होती. चिलीच्या नौदलाने सगळ्यांना वाचवलं. सांगाडा अजून तिथेच आहे. आणि ऑगस्ट 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या झांबोआंगाला डोलॉसच्या निरोपाच्या कार्यक्रमात व्यासपीठावर हातबॉम्ब पडले. न्यूझीलंड आणि स्वीडनच्या दोन तरुण मुली गेल्या, स्थानिक माणसंही गेली. त्या भागात बाहेरून आलेल्या ख्रिस्ती प्रचाराकडे कसं पाहिलं जातं, याची कल्पना येणाऱ्या सगळ्याच पोरांना असेल असं मला वाटत नाही. संस्थांनी ती त्यांना नीट द्यायला हवी.

अशा थोड्या दिवसांच्या मिशनवर टीका करणारे पुष्कळ आहेत आणि काही मुद्दे मला पटतात. चार महिन्यांसाठी येणाऱ्या तरुणाला ना भाषा येते, ना तिथल्या माणसांचा ठाव लागतो. अनाथाश्रमाची भिंत रंगवून, फोटो काढून तो निघून जातो. तीच भिंत गावच्या रंगाऱ्याने रंगवली असती तर त्याच्या घरी चूल पेटली असती. आपल्या सरकारने परदेशी धर्मप्रचारकांसाठी व्हिसाच वेगळा ठेवला आहे, पर्यटक व्हिसावर हे काम चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पण बोटीवरच्या पोरांविषयी माझं मन मऊ आहे हे मान्य करतो. ती निदान आपल्या बोटीचा गंज आपण काढतात. वारीत शिधा बांधून निघालेल्या माळकऱ्यासारखी ती आपल्या खर्चाने आलेली असतात, म्हणून त्यांची श्रद्धा माझी नसली तरी त्यांच्यावर मला फार चिडता येत नाही.

एक फाटा फोडल्याशिवाय राहवत नाही. लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीची ‘व्हिक्टोरिया’ ही इटालियन बोट 1953 पासून मुंबईवरून पूर्वेकडे ये-जा करायची. जुन्या पिढीतले बरेच जण तिने विलायतेला गेले. तीच व्हिक्टोरिया 1978 मध्ये कनिंगहॅमच्या माणसांनी भंगाराच्या भावात घेतली, ‘अनास्तासिस’ नावाचं तरंगतं इस्पितळ केलं, आणि तिच्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोतीबिंदूच्या आणि फाटलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया झाल्या. तिथेही डॉक्टर, नर्स स्वतःचा खर्च भरून काम करत. 2007 मध्ये ती तोडायला आली ती गुजरातेत, अलंगला.

डोलॉसचं नशीब बरं. सागरी सुरक्षेचे 2010 चे नियम आले, शंभरीला टेकलेल्या बोटीला ते परवडणारे नव्हते, आणि 2009 च्या अखेरीस सिंगापुरात तिची सेवा संपली. तिथल्या एका व्यावसायिकाने ती विकत घेतली. आता इंडोनेशियाच्या बिंतान बेटावर, समुद्रात भराव टाकून केलेल्या नांगराच्या आकाराच्या जागेवर, ती हॉटेल म्हणून उभी आहे. मी मुद्दाम जाऊन राहिलो. खोल्या गारेगार आणि गुळगुळीत, मला जरा परक्याच वाटल्या. जेवणाआधी तास-दीड तास मी बाहेर तिच्या अंगावरचे रिव्हेट पाहत फिरत होतो. बायको खोलीत टीव्ही पाहत होती.

सिंगापूरला जाणाऱ्या मराठी सहलींना माझी सूचना आहे की मॉलमधला एक दिवस कमी करा. तनाह मेराहच्या फेरी टर्मिनलवरून बिंतान तासाभराच्या अंतरावर आहे. आणि ‘लोगोस होप’ किंवा तिचं नवं भावंड ‘डोलॉस होप’ तुमच्या वाटेवरच्या एखाद्या बंदरात उभी असेल तर तिकीट काढून वर जा. पुस्तकं घ्या किंवा नका घेऊ, धर्माच्या गोष्टी ऐका किंवा नका ऐकू, पण गल्ल्यावरच्या मुलीला तिचं आधीचं काम काय होतं, हे अवश्य विचारा.