रिमफायर बेंचरेस्ट: रायफलीची निवड ठरते आघातावर

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक पटकावले. त्या स्पर्धेत वापरले जाणारे पॉइंट २२ रिमफायर काडतूसच अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात रुजलेल्या ‘बेंचरेस्ट’ या नेमबाजीतही चालते. येथे मात्र रायफल टेबलावरील आधारावर विसावलेली असते. शरीराचा कंप वजा झाल्यावर उरते ते वारा ओळखण्याचे कसब आणि यंत्राची अचूकता. त्यामुळे ‘अ‍ॅक्शन’, म्हणजे बोल्ट, फायरिंग पिन आणि त्यांना सामावणारा पोलादी सांगाडा, कोणती घ्यावी हा प्रश्न कळीचा ठरतो.

रिमफायर काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या कडेत असते. पिनने ती कड चिरडली की दारू पेटते. सेंटरफायरचा नेमबाज स्वतः काडतुसे भरून दारूचे प्रमाण जुळवू शकतो. रिमफायरमध्ये कारखान्याने दिले ते वापरावे लागते. म्हणून प्रत्येक आघात सारखाच बसावा, एवढेच अ‍ॅक्शनकडून साधता येते. सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाच्या गोळीत अवघा ५ मीटरचा फरक पडला, तरी ५० मीटरवर ती जवळजवळ ४ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. गोळीचा व्यासच मुळी ५.६ मिलिमीटर! अशा वेळी पोलादाच्या दणकटपणाची चौकशी दुय्यम ठरते. या काडतुसाचा दाब तसाही माफकच असतो.

महत्त्वाची आहे ती बोल्टच्या तोंडाशी कडेसाठी सोडलेली जागा. कड जेमतेम १ मिलिमीटर जाडीची असते. जागा सैल असल्यास पिनची शक्ती काडतूस पुढे ढकलण्यातच खर्ची पडते. एकेरी काडतुसाची अ‍ॅक्शन पसंत केली जाते, कारण मॅगझिनसाठी खाली खाच नसल्याने सांगाडा ताठ राहतो आणि शिशाची मऊ गोळी भरताना खरचटत नाही.

जर्मनीच्या ‘अ‍ॅन्शुट्झ ५४’चा आघात नावाजलेला, पण तिची नळी दाबून, आडव्या पिना ठोकून बसवलेली असल्याने बदलणे किचकट. अमेरिकी ‘रेमिंग्टन ४०-एक्स’ची नळी आट्यांची, म्हणून कारागिराला सोयीची, तिची पिन व स्प्रिंग मात्र अनेक जण सुधारून घेतात. ‘टर्बो’ किंवा ‘स्टिलर’सारख्या लहान कारखान्यांच्या अ‍ॅक्शन अशाच अचूक नेमबाजीसाठी घडवलेल्या, परंतु महाग. नवख्याने वापरलेली अ‍ॅन्शुट्झ घेऊन उरलेला पैसा काडतुसांचे वेगवेगळे लॉट तपासण्यात घालावा, हे अधिक शहाणपणाचे.

वापरलेली अ‍ॅक्शन घेताना जाणकार मोजक्या गोळ्या झाडून रिकाम्या पुंगळ्या भिंगाखाली धरतात. पिनची खूण कधी उथळ, कधी खोल किंवा कडेबाहेर सरकलेली दिसली, तर नव्या पिनचा खर्च किमतीतून वजा करून मागतात.