कॉलेज की क्रिकेट? राहुल द्रविडच्या निमित्ताने काही गैरसमज

मुलगा किंवा मुलगी खेळात चमकू लागली की बारावीच्या सुमारास घरात वाद सुरू होतो: खेळ की शिक्षण? या वादात खरी माहिती कमी आणि ऐकीव मतेच जास्त असतात. बेंगळुरूत वाढलेल्या एका मराठी घरातल्या मुलाची, क्रिकेटपटू राहुल द्रविडची, कॉलेजची वर्षे पाहिली, तर त्यातली बरीच मते टिकत नाहीत.

गैरसमज : मोठा खेळाडू व्हायचे तर कॉलेज सोडावेच लागते.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी 1991 मध्ये द्रविड कर्नाटककडून पहिला रणजी सामना खेळला, तेव्हा तो कॉलेजात शिकत होता. सामना पुण्यात होता, समोर महाराष्ट्राचा संघ होता आणि त्याने 82 धावा केल्या. पुढे सेंट जोसेफ्स कॉलेज ऑफ कॉमर्समधून त्याने वाणिज्य पदवी घेतली. भारतीय संघात निवड झाली तेव्हा तो एमबीए करत होता. त्याच रणजी सामन्यात त्याच्याबरोबर खेळलेले अनिल कुंबळे आणि जवागल श्रीनाथ, दोघेही इंजिनिअर झाले.

गैरसमज : कॉलेजच्या संघात चमकले की राष्ट्रीय संघाचे दार उघडते.

वस्तुस्थिती : कॉलेजमधून थेट वर जाण्याचे हे चित्र अमेरिकेचे आहे. तिथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघ दरवर्षी ड्राफ्टमधून, म्हणजे खेळाडू निवडीच्या फेरीतून, बहुतेक नवे खेळाडू कॉलेजच्या संघांतूनच उचलतात. भारतीय क्रिकेटची वाट वेगळी आहे. क्लब, राज्य संघटनेचे वयोगटाचे संघ, मग रणजी आणि दुलीप करंडक, अशी ती जाते. द्रविडही 15, 17 आणि 19 वर्षांखालील कर्नाटक संघांतून वर आला. कॉलेजने त्याला पदवी दिली. भारतीय संघापर्यंतची वाट राज्याच्या क्रिकेटने दिली.

गैरसमज : गुणवत्ता असेल तर संधी लगेच मिळते.

वस्तुस्थिती : 1991-92 च्या पहिल्या पूर्ण रणजी मोसमात द्रविडने दोन शतकांसह 380 धावा केल्या, सरासरी 63 च्या वर. तरीही कसोटी पदार्पणासाठी जून 1996 उजाडला. लॉर्ड्सवर सातव्या क्रमांकावर येऊन त्याने 95 धावा केल्या. मधली वर्षे वाया गेली असे म्हणता येणार नाही. त्याच काळात तो देशांतर्गत क्रिकेटमध्ये पक्का झाला.

गैरसमज : दुसऱ्याला सांभाळणारा खेळाडू दुय्यम असतो.

वस्तुस्थिती : अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक फळीतले पाच लाईनमन चेंडू फेकून चाल रचणाऱ्या खेळाडूला, म्हणजे क्वार्टरबॅकला, प्रतिस्पर्ध्यांपासून वाचवतात. गुण बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या नावावर लागतात. पण ही फळी कोसळली की डावही कोसळतो. द्रविडने क्रिकेटमध्ये असेच काम केले. मार्च 2001 मध्ये कोलकात्यात ऑस्ट्रेलियाने भारतावर फॉलोऑन लादला होता. तिथे व्ही. व्ही. एस. लक्ष्मणच्या 281 धावा सगळ्यांना आठवतात. दुसऱ्या टोकाला द्रविडच्या 180 होत्या. दोघांनी 376 धावांची भागीदारी केली आणि भारताने तो सामना जिंकला. कसोटीत द्रविड 31,258 चेंडू खेळला. जगात दुसऱ्या कोणीही इतके चेंडू खेळलेले नाहीत.

गैरसमज : नाव झाले की पदवीचे मोल उरत नाही.

वस्तुस्थिती : जानेवारी 2017 मध्ये बेंगळुरू विद्यापीठाने देऊ केलेली मानद डॉक्टरेट द्रविडने नाकारली. खेळाच्या क्षेत्रात संशोधन करून ती मिळवायला आवडेल, असे त्याने कळवले. त्याची आई पुष्पा याच शहरात वास्तुकलेची प्राध्यापक होती. शिक्षणाचे मोल त्या घरात कळत होते.

प्रत्येक मुलाला द्रविडइतके यश मिळणार नाही, आणि सगळ्यांचे वेळापत्रक सारखे नसते. म्हणूनच पालकांना कळकळीची विनंती आहे : सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलाला दोन्हींपैकी एक निवडायला भाग पाडू नका. आणि कॉलेजांनो, सामन्यासाठी गेलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा नंतर घ्या, त्याची गैरहजेरी समजून घ्या. तेवढे केले, तरी अनेकांचा खेळ आणि शिक्षण दोन्ही वाचतील.